पेशकारकाकांचे साठ मिली

अंबडमध्ये दारू पिणारी माणसं किती, हे मला सांगता येणार नाही, कारण मोजायची म्हटली तर सुरुवात माझ्यापासून करावी लागेल. पण दारुडा म्हणून गावात नाव घेतलं जायचं ते एकाच माणसाचं, पेशकारकाकांचं. कारण सरळ होतं. आमच्यातल्या कुणाच्याही पिण्याला पुरावा नव्हता आणि काकांच्या पिण्याला सरकारी शिक्क्याचा कागद होता. आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं ते ती गोष्ट हसण्यावारी नेतात. काकांनी तो रीतसर अर्ज करून, फोटो चिकटवून काढला होता. आरोग्य राखण्यासाठी या इसमास मद्य बाळगण्याची व पिण्याची परवानगी आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. सदऱ्याच्या खिशात, आधार कार्डाला लागून, प्लास्टिकच्या पाकिटात तो कायम असायचा.

दुकानात गेले की ते आधी परवाना काढून काउंटरवर ठेवत. पहिल्यांदा ठेवला तेव्हा दुकानदाराने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "काका, ह्ये काय आसतंय?"

"परवाना हाय. नंबर लिहून घ्या."

"आहो, लागत न्हाई."

"तुम्हाला लागत नसंल. कायद्याला लागतो. लिहा."

मागे रांगेत आम्ही पाच-सहा जण तोंडाला रुमाल बांधून उभे होतो. एरवी अंबडला एवढी धूळ नसते. कुणीतरी मागून "जल्दी करा" म्हणून ओरडलं, तेव्हा काका वळले आणि त्यांनी रुमालासकट एकेकाला ओळखून नमस्कार घातला. "काय गुरुजी, बरं हाय का? गजानन, तू बी आल्ता का?" गजानन म्हणजे मी. त्या दिवसापासून काका दुकानाकडे निघालेले दिसले की आम्ही अर्धा तास दम धरायचो.

पेशकार म्हणजे कोर्टात न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसून फायली पुढे करणारा, तारखा देणारा, साक्षीदार बोलला तेच कागदावर उतरलं की नाही ते बघणारा माणूस. निजामाच्या वेळचं हे नाव आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. मी अंबडच्या कोर्टात कारकून म्हणून लागलो तेव्हा काकांची सात-आठ वर्षं नोकरी उरली होती. एखादा साक्षीदार "मी तिथून जवळच उभा होतो" असं म्हणाला, तर काका मान वर न करता हळूच विचारायचे, "किती फुटावर?" तो प्रश्न खरं तर वकिलाने विचारायचा असतो, पण वकील विचारेपर्यंत काकांना धीर निघत नसे. "नोंद बराबर पाहिजे," हे त्यांचं पालुपद होतं. निवृत्त झाल्यावरही ते सुटलं नाही. कुणी सांगितलं की लग्नाला हजार माणूस जेवून गेलं, की ते विचारायचे, "मोजलं कुणी?" लोक त्यांना लग्नाचं आमंत्रण द्यायचे, पण लग्नाची हकीकत सांगायला कचरायचे.

त्यांचा कार्यक्रम संध्याकाळी सातला सुरू व्हायचा आणि आठला संपायचा. जागा घरापुढचा ओटा, रस्त्याकडे तोंड करून. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जो प्लास्टिकचा लहानसा कप येतो, ज्यावर मिलीच्या रेघा असतात, तेच त्यांचं माप. तीसच्या रेघेपर्यंत दोनदा भरायचा, पेल्यात ओतायचा, त्यावर पाणी. रेघेच्या वर थेंब गेला तर परत बाटलीत. शेजारच्या वाटीत काकूंनी ठेवलेले फुटाणे आणि चिरलेला कांदा. रस्त्याने जाणारे सज्जन मान फिरवून जायचे. मी एकदा म्हणालो, "काका, आत बसत जा ना. लोक बघतात."

"बघू दे की. म्या काय चोरी करून राह्यलो का?"

मला एक घोटसुद्धा त्यांनी कधी दिला नाही. मी रोज शेजारी बसायचो, काकूंच्या हातचा चहा प्यायचो. परवाना त्यांच्या नावाचा होता, त्यात गजाननचा उल्लेख नव्हता. आठला त्यांचा निरोप घेतला की माझा मी वडीगोद्री रस्त्यावरच्या धाब्याच्या मागच्या खोलीत जायचो. तिथे मी निर्व्यसनी म्हणून ओळखला जाणारा माणूस होतो, आणि तिथे बसलेले सगळे तसेच होते.

गांधी जयंतीला, मतदानाच्या दिवशी, जेव्हा जेव्हा दुकानं बंद असतात तेव्हा काका ओट्यावर ताक घेऊन बसायचे. त्या दिवशी धाब्याच्या मागे एरवीच्या दुप्पट गर्दी असायची, कारण बंद आहे म्हटल्यावर ज्यांना एरवी आठवण होत नाही त्यांनाही होते. सबंध अंबडमध्ये खरोखर कोरडा असा एकच माणूस त्या दिवशी असायचा, आणि तो दारुडा होता.

आणखी एक नियम होता. सातनंतर सही नाही. गल्लीतले लोक अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडे यायचे. सात-बाराचा, नळाचा, बदलीचा. काका सात ते आठ मसुदा तोंडी सांगायचे, त्यावर भरपूर बोलायचे, पण कागदाला हात लावायचे नाहीत. "बोलणं कितीबी करू. सही सकाळी." त्यांना झिंग वगैरे कधीच आलेली मी पाहिली नाही. साठ मिलीत काय येणार? पण घेतल्यावर मी बिलकुल शुद्धीवर आहे, असं लिहून देता येणार नाही, आणि जे लिहून देता येत नाही ते करायचं नाही, असा त्यांचा हिशेब.

खरा फरक पडायचा तो स्वभावात. पाचपासून सातपर्यंत काका म्हणजे नुसता वैताग. पेपरातल्या चुका, दुधात पाणी, प्रकाशची, म्हणजे त्यांच्या मुलाची, शाळा. प्रकाश हेडमास्तर होता. सात वाजले, पहिला घोट पोटात गेला, की पाच मिनिटांत कपाळावरच्या आठ्या मोकळ्या व्हायच्या. काकू लसणाच्या पाकळ्या सोलत दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या आणि दिवसभर साठवलेलं सगळं तेव्हा बोलायच्या. माहेरच्या लग्नाला जायचं असो, की सुनेला नवी शिलाई मशीन घ्यायची असो, ते त्यांनी कधीही दुपारी विचारलं नाही. काका दिवसा "हो", "न्हाई" एवढ्यावर संसार चालवायचे, पण त्या एका तासात ते हसायचे, काकूंची नक्कल करायचे, बदनापूरच्या बाजारात लग्नाआधी तिला चोरून बघायला गेल्तो ते सांगायचे. काकू लाजून म्हणायच्या, "पुरे आता, गजानन बसलाय." मी बसलेला असायचो म्हणून तर ते सांगायचे.

काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर काकांचं खाणं कमी झालं, म्हणून प्रकाशने त्यांना जालन्याला एका डॉक्टरकडे नेलं. सोबत मीही गेलो. डॉक्टर तरुण होता, संगणकावर प्रश्नांची यादी उघडून बसला होता.

"गेल्या पंधरा दिवसांत किती दिवस उदास वाटलं?"

"दिवसाचं सांगता येत न्हाई," काका म्हणाले. "सकाळी उठल्यावर वाटतं. दुपारी जास्त वाटतं. सात ते आठ वाटत न्हाई."

"सात ते आठ काय असतं?"

"साठ मिली असतं."

डॉक्टरचे हात थांबले. त्याच्या खुर्चीसमोर बसून 'पितो' म्हणणारा माणूस बहुधा त्याला पहिल्यांदा भेटत असावा. "रोज?" त्याने विचारलं.

"एकादशी आन ड्राय डे सोडून."

डॉक्टरने लिहिलं, एकशेवीस मिली. काका वाकून पडद्याकडे बघत होते. "म्या साठ सांगितलं."

"काका, पेशंट नेहमी निम्मं सांगतात. म्हणून आम्ही दुप्पट धरतो."

"मंग खरं सांगणाऱ्यानं काय करायचं?"

डॉक्टरने प्रामाणिकपणे विचार केला. "तीस सांगायचं," तो म्हणाला.

प्रकाश शरमेने खिडकीबाहेर बघत होता. पण तो डॉक्टर वाईट नव्हता. त्याने आकडा दुरुस्त केला आणि समजावून सांगितलं, की दारूला औषध समजू नका, या वयात थोडीसुद्धा चांगली म्हणता येत नाही, सोडलीत तर उत्तमच, पण एक करा, एकटे बसत जाऊ नका. काका म्हणाले, "एकटा कुठं बसतोय? हा गजानन असतो. आन ती असती." डॉक्टरने 'ती' म्हणजे कोण ते विचारलं नाही. मला विचारावंसं वाटलं, पण मला माहीत होतं.

यानंतर दोन वर्षांनी त्यांच्या नातीचं, वैष्णवीचं लग्न जुळायला लागलं आणि सगळं बिनसलं. वैष्णवी प्रकाशची एकुलती एक मुलगी. शिकलेली, जालन्यात औषधाच्या दुकानात कामाला, बोलायला स्पष्ट. स्थळ जालन्याचंच होतं, मस्तगडातलं. मुलगा बँकेत, आणि मुख्य म्हणजे वैष्णवीला तो आवडला होता. मुलाचे वडील त्यांच्या भागातल्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. चौकात त्यांचा हात जोडलेला फोटो फलकावर होता.

रिवाजाप्रमाणे पाहुण्यांनी अंबडला माणूस पाठवून चौकशी केली. त्या माणसाने सात ठिकाणी विचारलं आणि सातही ठिकाणी एकच उत्तर आलं: घर एक नंबर हाय, पोरगी हिरा हाय, फक्त म्हातारा पितो. या सातांपैकी पाच जण धाब्याच्या मागच्या खोलीत माझ्या डाव्या-उजव्या हाताला बसतात. उरलेले दोघे तो धाबा चालवतात.

मस्तगडहून निरोप आला की बाकी सगळं पसंत आहे, पण घरात पिणारं माणूस असेल तर समितीच्या अध्यक्षांना ते शोभणार नाही. प्रकाश माझ्याकडे आला. दोघे मिळून आम्ही काकांकडे गेलो. सकाळची वेळ मुद्दाम निवडली होती, कारण हे सहीचं काम होतं.

"दादा," प्रकाश म्हणाला, "पाहुणे रविवारी येतील. ते इचारतील. तुम्ही फक्त न्हाई म्हणा."

"न्हाई म्हणू?"

"हो. एवढंच."

"मंग सोडावी लागंल."

प्रकाश घाईघाईने म्हणाला, "आहो, सोडायचं कोण म्हणतंय? आत बसा, कडी लावा, घ्या. कुणाला कळतंय?"

काकांनी मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "माझ्यापुढं किती लोकांनी देवाची शपथ घिऊन खोटं सांगितलं, त्याची मोजदाद न्हाई. जन्मभर ऐकलं. आता म्हातारपणी त्या पिंजऱ्यात मी उभा राहू का?" ते उठले. "न्हाई म्हणायचं तर ते न्हाईच असलं पाहिजे. पोरीसाठी सोडतो."

प्रकाशला आनंद झाला. मलाही झाला, हे मी लपवत नाही. म्हाताऱ्याच्या तब्येतीला चांगलंच, मुलीचं चांगलंच, आणि आपल्याला कुठलं खोटं बोलावं लागलं नाही. हे सगळं इतकं स्वस्तात पार पडलं याचंच मला कौतुक वाटलं.

शनिवारी ते मला घेऊन एसटीने जालन्याला गेले, परवाना परत करायला. कचेरीतला कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, "काका, हा आजीवन परवाना आहे. मरेपर्यंत चालतो."

"मला आता लागत न्हाई."

"नाही लागत तर घरात ठेवून द्या. तो काय खायला मागतो?"

"घरात ठेवला तर न्हाई कसं म्हणू?"

परवाना परत करण्याचा अर्ज कसा लिहायचा हे कारकुनाला माहीत नव्हतं. तो काकांनीच बसून लिहिला, त्याची पोच घेतली, आणि ती प्लास्टिकच्या पाकिटात परवान्याच्या जागी ठेवली. उरलेली पाऊण बाटली त्यांनी मोरीत ओतली. मी जवळच उभा होतो. मला द्या, असं म्हणण्याचा धीर झाला नाही.

रविवारी पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी अगदी लाजत विचारलं, "तुम्ही घेत न्हाई ना, पेशकारसाहेब?" काका म्हणाले, "न्हाई." सुपारी फुटली.

पुढचे महिने मी रोज ओट्यावर जात होतो. सात वाजता काका खुर्चीत येऊन बसायचे, हातात ताकाचा पेला. पाच ते सातचा वैताग आता सातला संपत नव्हता, तो झोपेपर्यंत चालायचा आणि सकाळी उठला की पुन्हा हजर. त्यांनी नगरपरिषदेला रस्त्यावरच्या दिव्याबद्दल अकरा पत्रं लिहिली. प्रकाशच्या शाळेच्या फळ्यावरचा सुविचार चुकीचा आहे म्हणून शिक्षण खात्याला लिहिलं. सूनबाई रडकुंडीला आल्या. दारू सोडली की घरात शांतता नांदते, असं प्रकाश शाळेत दरवर्षी भाषणात सांगायचा. त्या वर्षी त्याने विषय बदलून वृक्षारोपणावर भाषण केलं.

हळूहळू पत्रंही थांबली. ते मला जास्त जड गेलं. काका नुसते बसून राहायचे. मी काहीबाही बोलायचो आणि ते "हो", "न्हाई" करायचे. एका संध्याकाळी त्यांनी आपणहून तोंड उघडलं.

"गजानन, ती आता येईना गेली."

"कोण, काका?"

"तुझी काकू. रोज सातला यायची. गेल्यावर बी यायची. घोट घेतला की तिथं उंबऱ्यावर बसल्यावानी वाटायची, मंग मी मनात दिवसभराचं सांगायचो तिला. मला माहीत हाय, ती काय येत नसती. पण मला बोलता यायचं. आता तिकडं बघतो तर निस्ता उंबरा दिसून राह्यला."

मी म्हणालो, "काका, एक दिवस घ्या. मी आणून देतो. कुणाला कळतंय?" म्हणजे प्रकाश जे म्हणाला तेच मी म्हणालो.

"पाहुण्याला न्हाई म्हणून बसलो," ते म्हणाले, आणि ताकाचा पेला तसाच ठेवून आत गेले.

साखरपुडा जालना रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात झाला, भर दुपारी. आमच्याकडे अशा कार्यात पुरुष मंडळी दोन-दोन, तीन-तीनच्या तुकड्यांनी गाड्या लावायच्या जागेकडे जातात. गाडीत काहीतरी विसरलेलं असतं. परत येतात तेव्हा इलायची चघळत, डोळे प्रेमाने भरलेले, आणि भेटेल त्याला मिठी मारतात. मीही दोनदा विसरलेलं आणायला गेलो. मुलाचे वडील, आमचे होणारे व्याही, तिथे यजमान म्हणून उभे होते आणि कुणाला कमी पडू देत नव्हते. हॉलमध्ये फेटा बांधून, म्हाताऱ्या बायकांच्या शेजारच्या खुर्चीत, पुरुषांतला एकच माणूस बसून होता.

जेवणाआधी व्याह्यांनी माईक घेतला. "व्यसनमुक्तीचं काम मी माझ्या घरापासून सुरू केलं," ते म्हणाले. "आज या मांडवात एकही माणूस पिलेला न्हाई, ह्ये मी छातीठोकपणे सांगतो. आन माझं खोटं वाटत असंल तर पेशकारसाहेबांना इचारा. जन्म कोर्टात गेलाय त्यांचा. काय साहेब, बराबर हाय का न्हाई?" आणि खाली येऊन, काकांच्या खांद्यावर हात टाकून, त्यांनी माईक काकांच्या तोंडासमोर धरला.

दोघांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर होतं. काकांनी व्याह्यांकडे पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली, मी पत्रावळी मोजू लागलो. मग त्यांनी समोर पाहिलं. वैष्णवी हिरव्या साडीत पाटावर बसली होती, मुलगा तिला काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती.

"बराबर हाय," काका म्हणाले.

टाळ्या पडल्या. काका उठून नळावर गेले आणि त्यांनी चूळ भरली, एकदा नाही, तीन-चारदा. परत येताना गाडीत ते माझ्या शेजारी होते. वडाच्या वळणापाशी म्हणाले, "गजानन, आज माझी नोंद चुकली." मी म्हणालो, असं कार्यात चालतंच, मनावर घेऊ नका. माझ्या तोंडाला इलायचीचा वास होता.

लग्न झालं. वैष्णवी मस्तगडला नांदायला गेली आणि तिचं चांगलं चाललं. दिवाळीला माहेरी आली तेव्हा आजोबांना बघून ती हादरली. संध्याकाळी माझ्या घरी येऊन तिने विचारलं, "काका, आबांना काय झालंय? खरं सांगा." तिला वाटत होतं की आबांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडली. मी सगळं सांगितलं, मांडवातलंसुद्धा. माझा गाडीकडे जाण्याचा भाग तेवढा मी आवरता घेतला.

ती सरळ ओट्यावर गेली. मी मागोमाग गेलो. ती काकांच्या पायाशी बसून रडत म्हणाली, "आबा, तुम्ही मला इचारलं का न्हाई? मी उद्याच मामांना सांगते." मामा म्हणजे तिचे सासरे.

"न्हाई बाई. ते तुझं घर हाय."

"मंग परवाना परत काढू. मी फॉर्म भरते."

काकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. किती तरी दिवसांनी ते थोडं हसले. "तुझं बरं चाललंय ना? मंग झालं. मी एकदा बराबर हाय म्हणून बसलो. आता ते उलटवलं तर तुझं वाटोळं व्हईल. काही बोलायचं न्हाई. वचन दे." तिने मान हलवली. ते म्हणाले, "तोंडी सांग." मग तिने तोंडी सांगितलं, तुम्ही आहात तोवर बोलणार नाही.

पौष महिन्यात काकांना ताप आला आणि चार दिवसांत ते गेले. साठ मिली चालू असते तर ते अजून जगले असते, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरला विचाराल तर तो उलटच सांगेल आणि तो माझ्यापेक्षा शिकलेला आहे. पण त्यांच्या शेवटच्या वर्षात त्यांना रोज एक तास बरं वाटू शकलं असतं, तो तास आम्ही काढून घेतला, आणि घेताना त्यांचं भलं करतोय असं आम्हाला वाटत होतं. हे मला फार लागून राहिलं आहे.

दहाव्याला सगळे वडीगोद्रीच्या पुढे गोदावरीच्या काठी जमलो. दोन-अडीचशे माणूस असेल, मोजलं नव्हतं. कावळा लगेच शिवला, त्यामुळे वेळ हाताशी उरला आणि भाषणं सुरू झाली. आमच्याकडे दशक्रियेला माईक लागतोच. ज्यांनी चौकशीच्या वेळी 'म्हातारा पितो' म्हणून सांगितलं होतं, त्यांतले दोघे बोलले आणि त्यांनी काकांच्या निष्कलंक चारित्र्याचा गौरव केला. मग व्याही उभे राहिले.

"पेशकारसाहेब म्हणजे व्यसनमुक्तीचा चालताबोलता आदर्श," ते म्हणाले. "उभ्या आयुष्यात या माणसाने दारूच्या थेंबाला स्पर्श केला न्हाई."

अडीचशे माणसांना खरं ठाऊक होतं. अडीचशे माणसांनी गंभीरपणे माना हलवल्या. माझीही हलली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, "मामा, थांबा." वैष्णवी उभी राहिली होती. आमच्याकडे दहाव्याला बायका मागे बसतात, आणि कुणाचीच सून उभी राहून बोलत नाही.

"ह्ये खरं न्हाई," ती म्हणाली. "माझे आबा रोज संध्याकाळी सात वाजता साठ मिली घ्यायचे. ओट्यावर बसून, समद्यांसमोर. जन्मात खोटं बोलले न्हाईत. एकदाच बोलले, माझ्या साखरपुड्यात, तुम्ही माईक धरला तेव्हा. माझ्यासाठी बोलले. आन त्याच्यानंतर ते धड हासले बी न्हाईत. निदान आता तरी त्यांच्या नावावर खोटं घालू नका."

"खाली बस," व्याही म्हणाले. माईक हातातच होता, त्यामुळे ते पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेलं. वैष्णवीचा नवरा वाळूत बोटाने रेघा ओढत होता. ती बसली नाही.

मग प्रकाश उठला. नुकतंच मुंडण केलेलं, बोटात दर्भ, अंगावर ओलं धोतर. उरलेला विधी तसाच टाकून तो बायकांच्या बाजूला चालत गेला आणि मुलीच्या शेजारी उभा राहिला. "बराबर बोलली ती," तो म्हणाला. "माझे वडील प्यायचे. त्यांना न्हाई म्हणायला म्या लावलं." एवढं बोलून हेडमास्तर सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

तिसरं कुणीतरी त्या वेळी उठायला हवं होतं. काकांच्या हाताखाली काम केलेला, त्यांच्या ओट्यावर वर्षानुवर्षं चहा प्यालेला, मांडवात काय झालं ते डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस तिथे पुढच्याच रांगेत बसला होता. लोक त्याच्याकडे बघतही होते. मी मान खाली घातली.

जेवणं झाल्यावर वैष्णवी भांड्यांपाशी भेटली. मी तिला म्हणालो, "पोरी, मी बी उठणार होतो. पण ऐन वेळी गुडघा धरला."

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"कोणता?" तिने विचारलं.

मला पटकन सांगता आलं नाही.